कोरड्यात ठेवलेली नाव

कुनी म्हनलं ना, की वस्तू लई जपून ठेवलीया, तर माझं डोकंच उठतं. घरातली पोरं हसत्यात, म्हातारी चिडली म्हन्त्यात. चिडनारच की. एका लाकडाच्या नावेला जपता जपता माझी माय मरायला टेकली व्हती, आन् जपनारे समदे त्या नावेभवती वा वा करत फिरत व्हते.

आमचं गाव परंड्याच्या अंगाला, नदीकाठी. नवरा सुतार. गाड्या, नांगर, तिफनी, पाळने, समदं त्येच्या हातचं. माझं माहेर नदीच्या पल्याड, अगदी समोर. लगीन झालं तवा माय म्हनली व्हती, "जवळ दिलीया, हाक मारली तर ऐकू यील." तसंच व्हतं. नदीला उन्हाळ्यात पायाचा घोटा भिजत न्हवता, पावसाळ्यात कंबरभर. म्या फडक्यात भाकरी बांधून जायची, मायची येनी घालायची, धुनं धुवायची, दिस बुडायच्या आत घरी.

बाप आमी लहान असतानाच गेला. भाऊ एकच, माझ्या पाठचा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. माय शेतातल्या खोपीत एकटी. भाऊ म्हनायचा, माझ्याकडं चल. माय म्हनायची, "तुज्या त्या खोलीतनं आभाळ दिसत न्हाय." डोळ्यांत मोतीबिंदू, तिला आभाळ दिसत व्हतं कुठं? पन हट्टी. हट्ट मला बी तिचाच आलाय.

निजाम गेला, आन् पुढं काय वर्सांनी नदीवर धरन आलं. गाव उचलून वर माळावर नेलं. पानी आडलं, पसरलं, आन् नदीच्या जागी ह्यो एवढा तलाव. पल्याडचं माहेर डोळ्याम्होरं, पन पाय पोचंना. मायच्या खोपीचा धूर तेवढा दिसायचा. सकाळी उठलं की म्या आधी माळाच्या कडंला जायची आन् धूर बगायची. धूर निघाला म्हंजी माय उठली, तिची चूल पेटली. मग घरी यिऊन म्या माझी चूल पेटवायची.

वळसा घालून जायचं तर चालत परंड्याला, तिथनं मोटार, उतरून परत चालायचं. सकाळचा निघालेला मानूस दिवेलागनीला पोचायचा. लेकरं-जनावरं सोडून म्या कवा जाऊ? गडी मान्सं गुळाच्या काहिलीत बसून जायची. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई, तीत दोघं बसायचं आन् फळीनं पानी मारायचं. ती काय सरळ जाती व्हय? गरगर फिरती. एकदा उलथली. पान्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा घावला म्हनून दोघं वाचले. तवा धरनावरच्या सायबानं काहील घालायची बंदी केली. बंदी केली, पन तिच्या बदली काय दिलं न्हाय. सरकारी मान्साला बंदी तेवढी करता येती.

माळावर आधीपास्नंच जहागीरदाराची हवेली व्हती. जहागीरदार कवाच हैदराबादला निघून गेला, हवेली सरपंचानं घेतली. तिच्या तबेल्याचं दार मोडलं म्हनून आमचे मालक दुरुस्तीला गेले आन् दुपारी जेवायला आले तर भाकरीला हात लावंनात.

म्या इचारलं, "काय झालं?"

म्हनले, "अगं, सरपंचाची म्हैस सागवानात खाती."

म्या म्हनलं, "तिचं नशीब. तुमी भाकरी खावा."

मग सांगितलं. जहागीरदार थंडीत लांबच्या तळ्यावर बदकं मारायला जायचा, त्येची मोटारीची नाव व्हती. नाकाडाला पितळ, मदी इंजन, मागं पान्यात फिरनारा पंखा. तो गेल्यापास्नं ती तबेल्यात पडली आन् सरपंचाच्या गड्यानं तिची गव्हान केली. तीत कडबा, तीत पेंड, इंजनावर कोंबडी अंड्यावर बसलेली. पन लाकूड, मालक म्हनले, लाकूड असं की ठोकलं तर घंटा वाजावी.

म्या तवाच म्हनलं, "मागा की ती. पल्याड जाता यील."

मालक मागायला गेले. सरपंच देवळाच्या ओट्यावर बसला व्हता, धा मान्सं सोबतीला. म्हनला, "घेऊन जा, मेस्त्री. पन माझ्या म्हशीला दुसरी गव्हान करून द्या. आन् नीट झाली नाव, तर दर बाजाराच्या दिशी पल्याडची खेप करायची, समद्या गावासाठी. माझा शब्द."

समद्यांनी ऐकला त्यो शब्द. म्या बी ऐकला, देवळाच्या मागं पानी भरत व्हते.

गव्हान आधी करून दिली. मग गाडीला बांधून, बैल लावून नाव आमच्या अंगनात आनली. लांबीला अंगनभर. शेनाचा थर, वरनं कुनी तरी निळा रंग फासलेला, त्याचे पापुद्रे. सुतारघरात बाईनं हत्याराला हात लावायचा न्हाय, असा कायदा. मालक म्हनले, "रंधा, किकरं माझ्याकडं. तू काच घे." फुटक्या बाटलीच्या काचंनं म्या तो रंग खरवडला. काचंला कसला आलाय कायदा! बोटं चिरली, त्यावर हळद लावायची आन् परत बसायचं. एका ठिकानी निळा निघाला, त्येच्याखाली पांढरा, त्येच्याखाली लाकूड. पानी मारलं तसं ते लाल झालं, मेंदीच्या हातासारखं. म्या किती तरी येळ बसूनच राहिले. खोटं कशाला सांगू, चांगली वस्तू मला बी कळती.

पितळ चिचंच्या कोळानं आन् राखंनं घासलं. आतल्या गाद्या उंदरांनी खाल्ल्या व्हत्या, त्येच्या जागी मालकांनी फळ्या बसवल्या. सडलेल्या दोन पट्ट्या काढून जुन्या गाडीच्या सागवानाच्या घातल्या. आन् पट्ट्यांमदल्या फटी, त्या समद्या माझ्या. देवाची वात वळतो तसा मांडीवर कापूस वळायचा, राळ आन् जवसाच्या तेलात बुडवायचा, लाकडाच्या खुट्टीनं फटीत दाबायचा. पाठीचा काटा मोडायचा. शेजारनी यायच्या, म्हनायच्या, "काय गं, पान्यात मोटार चालवनार व्हय?" म्या म्हनायची, "चालवनार. तुला घेनार न्हाय."

इंजन भावानं केलं. सुट्टी मिळंल तवा यायचा, पिशवीत पाने आन् घासायचा कागद. इंजन सुटं करून पोत्यावर मांडायचा, एक एक तुकडा राकेलनं धुवायचा. मालक इचारायचे, "काय म्हनतंय इंजन?" त्यो म्हनायचा, "दाजी, कोंबडीनं लई घान केलीया, पन मन साफ हाय त्येचं."

थंडी सरता सरता नाव पान्यात घातली. घातली आन् लागली की गळायला, चारी बाजूनं! म्या घागर उचलून धावले. भाऊ म्हनला, "आक्का, थांब. लाकूड तहानलंय. पिऊ दे त्येला." कडंला तशीच बांधून ठिवली. त्यात नवं काय न्हवतं म्हना. उन्हाळ्यात आमच्याकडं गाडीची चाकं पान्यात टाकत्यात, न्हाय तर लाकूड आकसतं आन् वरची लोखंडी धाव निखळून पडती. शेंबडं पोर बी जानतं. दोन-तीन दिसांनी लाकूड फुगलं, फटी मिटल्या, पानी उपसलं ते परत आलं न्हाय. भावानं इंजनाला दोरी लावून हिसका दिला. टुक टुक टुक करून ते असं बोलाय लागलं की बांधावरची बगळी उडाली. नाव जरा पुढं जाऊन फिरून आली. मालकांच्या डोळ्यांत पानी. म्या म्हनलं, बाजार परवा हाय. परवा मायकडं.

परवा आलाच न्हाय.

दुसऱ्या दिशी सरपंच सायबाला घेऊन आला, धरनावरच्या. सायेब नावेभवती फिरला, पितळावर हात फिरवला, लाकडावर गाल टेकवायचा तेवढा राहिला. म्हनला, "अशी वस्तू आता मुंबईत सुद्धा बघायला मिळणार नाही. ही जपली पाहिजे. मोठे साहेब धरण बघायला येणार आहेत. पहिल्यांदा तेच बसतील. तोवर पाण्यात नको, लाकूड खराब होईल."

सरपंचानं मान डोलावली. गडी लावले, नाव वर काढली, चावडीम्होरं मांडव घालून दोन लाकडी घोड्यांवर ठिवली. वरनं चकचकीत रोगन मारलं. मालक उभे व्हते. "व्हय सायेब," एवढंच.

घरी आल्यावर म्या म्हनलं, "अवं, ती वाळंल. उन्हाळा तोंडावर हाय. तुमी सुतार का कोन?"

"सायेब हाय त्यो."

"सायेब असंल. लाकूड सायबाचं ऐकतंय व्हय?"

"तू गप बस. नाव त्यांची हाय."

"आन् फटीतला कापूस कुनाचा?"

उठून गेले. हाच राग माझ्या मनात लई बसला. सायबाला ठावं न्हवतं, त्येला म्या काय म्हनू? मालकांना ठावं व्हतं.

मोठे सायेब आज येनार, उद्या येनार. फागुन गेला, चैत गेला. नावेला रोज हार. बाया हळदी-कुंकू लावून जायच्या, कुनी नवस बोलायची. परंड्याहून मान्सं सायकलीवर बगायला यायची. "काय चीज हाय! काय जपलीया!" म्या शेनाची पाटी घेऊन त्याच वाटंनं जायची. त्या पितळात माझं तोंड दिसायचं, आन् पल्याड धूर. एका बाईला म्या म्हनलं, "कुंकू कशाला लावती? पानी लाव." ती मला येडी समजली.

एकदा सरपंच धुयाच्या जागंवर भेटला. त्येच्या गाडीची दोन्ही चाकं तिथंच पान्यात बुडवलेली. म्या पदर सावरून उभी राहिले. "सरपंच, ही चाकं पान्यात का वो?"

"का म्हंजी? उन्हाळ्याचं वाळत्यात."

"आन् नाव?"

हसला. म्हनला, "मेस्तरीनबाई, चाक ते चाक. ती वस्तू हाय." आन् सोबतच्याला म्हनतो कसा, "मेस्त्रीच्या घरात मेस्त्री कोन, तेच कळंना."

म्या घागर उचलली आन् आले. माझ्या मनात काय काय आलं ते सांगन्यासारखं न्हाय.

वैशाखात मोठे सायेब आले, बायको-लेकरांसंगं. हलगी, नारळ, समदं. भावाला कुर्डुवाडीहून बोलावलं व्हतं, इंजन चालू करायला. त्येनं नाव बगितली तर आरपार उजेड दिसतोय. धरनावरच्या सायबाला म्हनला, "दोन दिस पान्यात राहू द्या, मग बसा." सायेब म्हनला, "साहेब आज आलेत, दोन दिवसांनी नाही." नाव पान्यात ढकलली. सरपंच बसला, दोन्ही सायेब बसले, मोठ्या सायबाची बाई जरीचं लुगडं नेसून बसली. इंजन बोललं. काठावरनं टाळ्या. जरा आत गेली न्हाय तोच बाई वरडली, "अहो, पाय भिजले!" मग समदेच वरडले. नाव खाली बसाय लागली. नशीब, पानी छातीभरच व्हतं. सरपंचाचा फेटा येगळा तरंगत, त्यो येगळा. मान्सं घुसली, समद्यांना काढलं. काठावरची पोरं हसली. म्या हसले न्हाय.

मोठे सायेब मोटारीत बसून गेले. सरपंच ओल्या धोतरात मालकाम्होरं उभा राहिला, समद्या गावादेखत. "मेस्त्री, फटी कुनी भरल्या?"

मालकांची नजर माझ्याकडं आली.

"बाईनं भरल्या, व्हय ना? मला सांगितलंय. बाईचा हात लागल्यावर दुसरं काय व्हनार!"

मालक मान खाली घालून गप. भाऊ पुढं सरला तर मालकांनी त्येचा दंड धरला. म्या घरी आले आन् भाकऱ्या थापल्या. त्या दिशी भाकऱ्यांना माझ्या थापा जरा जोरातच बसल्या असतील. मालकांशी बोलनं म्या बंद केलं. जेवन वाढायची, पानी द्यायची, तोंड न्हाय. भाऊ कामावर परत गेला. नाव तिथंच काठाला, अर्धी बुडालेली. हार न्हाय, कुंकू न्हाय. कुनी बगाय बी येईना. रुसलेल्या मान्सासारखी पडून व्हती.

मग एका सकाळी धूर निघाला न्हाय.

म्या म्हनलं, उशीर झाला असंल. धार काढली, परत आले. न्हाय. दुपारी न्हाय. दुसऱ्या सकाळी बी न्हाय. पल्याडचं रान कसं साफ दिसत व्हतं, मायचं बाभळीचं झाड दिसत व्हतं, धूर तेवढा न्हाय.

म्या घागर घेतली आन् खाली उतरले. लुगडं खोचून नावेत शिरले आन् पानी उपसाय लागले. डोक्यात दुसरं कायच न्हवतं. उपसते, उपसते, नाव वर येतीया. तळ दिसला. म्या थांबले, बगत राहिले. पानी आत यीना. एवढे दिस पान्यात पडून लाकूड फुगलं व्हतं. माझ्या फटी मिटल्या व्हत्या, एक न् एक. तवा मला जे रडू आलं ते मायसाठी न्हवतं, रागानं आलं. हेच सांगत व्हते ना म्या?

मागं पान्यात कुनी उतरलं. मालक. खांद्यावर दोन लांब फळ्या, टोकाला रुंद तासलेल्या. त्येंनी बी सकाळी बगितलं असंल, धूर न्हाय ते. म्हनले, "इंजन भिजलंय. हातानं न्यावं लागंल."

म्या म्हनलं, "सरपंचाला इचारलं का?"

"न्हाय."

"सायबाला?"

"बस गप. फळी धर."

फळी बी हत्यारच की. धरली. लई दिसांनी आमी बोलत व्हतो ते असं. मदी पानी काळं, खोल, खाली आमचं जुनं गाव. वारं तोंडावर. हाताला फोड आले, फुटले. नाव सरळ गेली, काहिलीवानी फिरली न्हाय.

माय खोपीत खाली पडलेली. चुलीसाठी सरपान घ्यायला उठली आन् पडली, मांडी सुजून भोपळा. शेजारच्या रानातली मान्सं म्हनत व्हती, लेकीकडं गेली असंल. घागर हाताच्या पल्याड, तिला पोचत न्हवती. ओठ फुटलेले. म्या तोंडात पानी सोडलं तर म्हनली, "कोन? एवढा उशीर व्हय गं?"

म्या म्हनलं, "नाव जपत व्हते लोकं."

तिला काय कळलं न्हाय. मालकांनी तिला पाठुंगळीला घेतली, नावेत वाकळंवर निजवली. वाटंत ती लाकडावर हात फिरवत व्हती. म्हनली, "गुळगुळीत हाय गं. कुनी केलं?" मालक म्हनले, "तुमच्या लेकीनं." एवढंच म्हनले. पन गावात म्हनायचं ते तलावाच्या मदी म्हनले, जिथं ऐकायला कुनी न्हवतं. त्येचा राग माझा आज बी गेला न्हाय.

काठावर सरपंच उभा, धा-बारा मान्सं. लांबनंच वरडला, "नाव कुनाला इचारून नेली? बाहेर काढा ती! गळती न्हाय दिसतंय. काढा, पुसा, रोगन मारा!"

मालक उतरले. म्या उतरले न्हाय. नावेच्या मदी उभी राहिले. "म्या हितनं हलत न्हाय. नाव पान्यातच राहनार. वर काढायची असंल तर मला घेऊन काढा."

कुनी हात लावंना. बाईला हात कोन लावनार? तवा माय पडल्या पडल्या म्हनली, "कोन गं त्यो? नावाडी हाय का?"

मान्सांत खसखस पिकली.

म्या म्हनलं, "सरपंच हायती."

"मग असा लांबनं का वरडतोय? ये म्हनावं बाबा, धर मला. माझा पाय मोडलाय. तुज्या आईवानी हाय म्या."

सरपंच हिकडं बगतो, तिकडं बगतो. समदं गाव बगत व्हतं. धोतर खोचलं आन् उतरला पान्यात. मालकांनी खांदे धरले, त्येनं पाय धरले. मायनं त्येच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, "सुखी राहा, नावाड्या."

नाव पान्यातच राहिली. भाऊ आला, त्येनं इंजन सुटं करून वाळवलं, परत बसवलं. बाजाराच्या दिशी खेप सुरू झाली. पल्याडच्या बाया, शेरडं, कोंबड्या, ज्वारीची पोती, बाळंतनी, समदं गेलं त्या नावेतनं. रोगन उडालं, पितळ काळं पडलं, शेरडांनी फळ्या कुरतडल्या. कुनी वा वा केलं न्हाय. दर उन्हाळ्यात म्या एक-दोन फटी परत भरायची, गावादेखत, हातात मालकांचं किकरं घेऊन. मालक बगायचे आन् दुसरीकडं तोंड करायचे. एक अक्षर बोलत न्हवते. तसलं गप बसनं मला चाललं.

माय माझ्याच घरी राहिली, शेवटपर्यंत. तिची मांडी कवा नीट झाली न्हाय. दोन दिस पडून राहिली नसती तर झाली असती. वैद बी तेच म्हनला. नाव पयल्यापास्नं पान्यातच ठिवली असती तर म्या त्याच दिशी गेले असते.

पुढं ती नाव झिजून झिजून गेली. तिचं पितळ तेवढं सरपंचाच्या घरी हाय, म्हन्त्यात. कपाटात, काचंआड. लई जपून ठेवलंय.